सुझुकी लावली, पण सायटेशन कुणाला दिलं?

कॉलमकर (धागाकर्ता)

परवा भाचा जेवायला आला होता. पीएचडीचं तिसरं वर्ष, विषय ऑरगॅनिक. आमटी वाढून घेता घेता म्हणाला, "मामा, तुझा एच-इंडेक्स किती रे?" (आपले पेपर इतरांनी किती वेळा साइट केले, म्हणजे संदर्भ म्हणून दिले, त्यावरून काढलेला आकडा. त्या एकेका संदर्भाला म्हणायचं सायटेशन.) म्हटलं, तीन. पंचवीस वर्षं कंपनीत प्रोसेस केमिस्ट्री केली, त्यात नावावर पेपर मोजून तीन. बाकीचं आयुष्य बॅच रेकॉर्डमध्ये गेलं. पोरगं हसलं नाही, तेवढं वळण बहिणीने लावलंय. पण तोंड असं केलं, जसं मी हिमोग्लोबिन तीन सांगितलं.

मग त्याने पेपरचा मसुदा दाखवला. सात पायऱ्यांचं सिंथेसिस (साध्या रसायनांपासून हवा तो रेणू बनवणं), चौथी पायरी सुझुकी (कार्बनला कार्बन जोडून दोन तुकड्यांचा एक रेणू करणारी अभिक्रिया). मागे रेफरन्स बावन्न, पण सुझुकीचं नाव कुठेच नाही. विचारलं तर म्हणे, "सुझुकीला आता कोण साइट करतं? भाजीत मीठ घातलं म्हणून मिठागराचं नाव लिहितो का आपण?"

वाक्य फक्कड होतं म्हणून गप्प बसलो. पण रात्री झोप येईना, म्हणून हा धागा.

आधी माणूस कोण ते सांगतो. (गाडीवाला नव्हे.) आकिरा सुझुकी, जन्म १२ सप्टेंबर १९३०, जपानच्या उत्तरेकडच्या होक्काइदो बेटावरचं मुकावा. लहानपणापासून ओढा गणिताकडे. होक्काइदो विद्यापीठात फीझर दांपत्याचं सेंद्रिय रसायनाचं पाठ्यपुस्तक हाती लागलं आणि गणित सुटलं. १९५९ साली डॉक्टरेट. पुढे सप्पोरोतल्या पुस्तकाच्या दुकानात बोरॉनवर काम करणाऱ्या हर्बर्ट ब्राउनचं १९६२ सालचं 'हायड्रोबोरेशन' दिसलं, ते वाचलं, आणि १९६३ ते ६५ अमेरिकेत पर्ड्यू विद्यापीठात खुद्द ब्राउनकडे जाऊन राहिले. दोन पुस्तकांवर माणसाचं आयुष्य ठरलं. त्या दोन्हींचा इम्पॅक्ट फॅक्टर (जर्नलचा सायटेशनवरून ठरवलेला भाव) कुणी विचारला नव्हता.

परत येऊन बोरॉनच धरून बसले. तेव्हा अडचण अशी होती की बोरॉनची सेंद्रिय संयुगं फार शहाणी. हवेत टिकतात, पाण्याला घाबरत नाहीत, पण पॅलेडियमला (जोडणी घडवून आणणारा उत्प्रेरक धातू) आपला कार्बन द्यायला तयार नसतात. सुझुकींच्या गटाने त्यात बेस (अल्कधर्मी पदार्थ) घातला. बोरॉनकडे इलेक्ट्रॉनांची एक जोडी कमी असते. बेस ती पुरवतो, बोरॉनवर ऋणभार येतो आणि मग तो कार्बन सोडायला राजी होतो. एवढंच. आज ऐकायला किती सोपं वाटतं!

पहिले पेपर १९७९ चे, त्यातला एक टेट्राहेड्रॉन लेटर्स या जर्नलमधला, लेखक: मियाउरा, यामादा, सुझुकी. पण आज जगभरच्या लॅबमध्ये रोज जी सुझुकी लावली जाते, म्हणजे दोन अ‍ॅरोमॅटिक (बेंझिनसारख्या) कड्या एकमेकींना जोडणं, ती आली १९८१ मध्ये: मियाउरा, यानागी, सुझुकी. जर्नल? सिंथेटिक कम्युनिकेशन्स. भाच्याच्या भाषेत, "तिथे कोण पाठवतं?"

१९९४ मध्ये सुझुकी होक्काइदोतून निवृत्त झाले. १९९५ मध्ये मियाउरा आणि सुझुकींचा केमिकल रिव्ह्यूजमधला मोठा आढावा आला, त्याची सायटेशन दहा हजारांच्या वर गेली आहेत. नोबेल मिळालं २०१० मध्ये, वयाच्या ऐंशीव्या वर्षी. थोडक्यात, आकडे वाढायला लागले तेव्हा साहेबांची पेन्शन सुरू झाली होती.

तर माझा प्रश्न: एखाद्या केमिस्टचं काम किती मोठं, हे सायटेशन सांगतं का? आणि काम इतकं मोठं झालं की त्याचं नाव सांगायची गरजच उरली नाही, तर ते कसं मोजायचं?

---

वरणफळ

मी कॉमर्सवाली. पहिल्या दोन परिच्छेदांना खूप हसले, नंतर बोरॉन आला आणि मी गेले. माणसांच्या भाषेत सांगता का?

---

कॉलमकर

वरणफळ ताई, सुझुकी म्हणजे एक कपलिंग, आणि कपलिंग म्हणजे रेल्वेचं डोळ्यासमोर आणा. यार्डात दोन डबे लांब लांब उभे आहेत. आपणहून जोडले जाणार नाहीत. शंटिंगचं इंजिन एका डब्याला धरतं, दुसऱ्यापाशी आणतं, दोघांना जोडून देतं आणि स्वतः सुटून पुढच्या जोडीकडे जातं. पॅलेडियम हे ते इंजिन. म्हणून ते शंभर डब्यांना एखादंच पुरतं. एका डब्याच्या हुकावर ब्रोमिन, दुसऱ्याच्या हुकावर बोरॉन. बोरॉनचा हुक गंजलेला, सुटत नाही. बेस म्हणजे त्या हुकावर घातलेलं तेल.

दुसरे हुक नव्हते का? होते की, दुसऱ्या केमिस्टांचे. कुमादाचा मॅग्नेशियमचा हुक इतका तापट की रेणूतल्या बाकीच्या भागांवरही धावून जातो. नेगिशीचा जस्ताचा हुक कामाचा, पण ओल चालत नाही. स्टिलेचा कथिलाचा हुक गुणी, पण विषारी, आणि मालात राहिलेलं कथिल काढता काढता पुरेवाट. बोरॉनचा हुक बाटलीत भरून शेल्फवर ठेवता येतो, पाण्यात चालतो, आणि शेवटी उरतं ते बोरिक अ‍ॅसिडच्या जातीचं काहीतरी, म्हणजे आपण कॅरमवर टाकतो ती पावडर. कारखान्यात आम्हाला हेच प्रिय.

घरात कुणाला बीपी आहे का?

---

आडवाटेची_आत्या

मला आहे! लोसार्टान ५०, रोज सकाळी चहाच्या आधी. का हो?

---

कॉलमकर

आत्या, तुमच्या गोळीच्या रेणूत मधोमध बेंझिनच्या दोन कड्या एकमेकींना चिकटून बसल्यात. मर्कच्या केमिस्टांनी १९९४ मध्ये लोसार्टानची जी पद्धत छापली, तिच्यात त्या कड्या सुझुकीने जोडल्या होत्या. कुठली कंपनी आज कुठल्या रस्त्याने जाते तो तिचा प्रश्न, पण तो जोड हाच. बीएएसएफचं बॉस्कॅलिड नावाचं बुरशीनाशक आहे, तेही सुझुकीनेच बनतं, आणि टनांवारी.

---

आडवाटेची_आत्या

अगंबाई. मग मी रोज सकाळी सायटेशन गिळते की!

---

शंकासुर

धागा चांगला आहे, पण सूर ओळखीचा आहे. सायटेशनला नावं ठेवणाऱ्यांची सायटेशन बहुधा कमी असतात. (हलके घ्या.)

आता गंभीरपणे. ज्या माणसाने ही सायटेशनची मोजणी सुरू केली तो मुळात केमिस्टच होता. यूजीन गारफिल्ड, कोलंबिया विद्यापीठाचा रसायनशास्त्राचा पदवीधर. पीएचडी मात्र भाषाशास्त्रात, आणि विषय काय, तर रसायनांच्या लांबलचक नावांवरून यंत्राने रेणुसूत्र कसं काढायचं. १९५५ मध्ये 'सायन्स' या जर्नलमध्ये त्याने सायटेशन इंडेक्सची कल्पना मांडली, १९६४ पासून सायन्स सायटेशन इंडेक्स बाजारात आला. हेतू माणसांना मार्क देण्याचा नव्हता. हातात एक जुना पेपर आहे, त्यावर पुढे कुणी काम केलं, ते शोधायची वाट हवी होती. शब्दावरून शोधलं तर निम्मं सुटतं, कारण प्रत्येक जण वेगळा शब्द वापरतो. सायटेशनवरून शोधलं की माग लागतो.

माणसांना मार्क द्यायला आपण ते वापरलं, त्यात फूटपट्टीचा काय दोष? एच-इंडेक्सही तसाच. २००५ मध्ये हिर्श नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने काढला. प्रत्येकी किमान 'एच' सायटेशन असलेले 'एच' पेपर. एका झटक्यात प्रसिद्ध झालेला आणि सातत्याने काम करणारा, यांच्यात फरक करायला बरा आहे. नाहीतर निवड समितीत काय बघणार, आडनाव?

---

घाटमाथा

शंकासुर, 'आडनाव' हे तुम्ही विनोदाने लिहिलंत. मी तालुक्याच्या कॉलेजात शिकवतो, मला ते विनोदी वाटलं नाही, त्या अर्थी तुमचं म्हणणं मला पटतं. आकडा असला की निदान भांडता येतं.

पण दुसरी बाजूही सांगतो. २०१० पासून यूजीसीचा एपीआय (शिक्षकांच्या कामाला गुण देणारी पद्धत) आला. पेपरला गुण, परिषदेला गुण, पुस्तकाच्या प्रकरणाला गुण. आमच्या इथल्या एका वरिष्ठांची बढतीची फाइल मी भरायला घेतली होती. गुण थोडे कमी पडत होते. पैसे भरले की आठवड्यात छापणारं जर्नल त्यांना कुणीतरी सुचवलं. त्यांनी एकच काम तीन तुकडे करून तीनदा छापलं आणि प्रत्येक तुकड्यात बाकीच्या दोघांना साइट केलं. तीन पेपर, सहा सायटेशन, वाचक शून्य. बढती झाली. माणूस वाईट नाही हो, वर्गात अजून खडूने सुंदर मेकॅनिझम काढतात. त्या खडूला रकाना नव्हता.

---

लाफायेटचा_बंड्या

पर्ड्यूचं नाव निघाल्यावर हजेरी लावणं भाग आहे. मी तिथे इंजिनिअरिंग केलं, केमिस्ट्रीशी संबंध फक्त रूममेटपुरता. ब्राउनच्या नावाची इमारत रोज बघायचो.

ब्राउनची गोष्ट बहुतेकांना माहीत असेल. पदवी मिळाल्यावर मैत्रिणीने, म्हणजे नंतरच्या बायकोने, बोरॉन आणि सिलिकॉनच्या हायड्राइडवरचं (हायड्रोजनशी झालेल्या संयुगांवरचं) एक पुस्तक भेट दिलं. ते का निवडलं? दुकानातलं ते सगळ्यात स्वस्त केमिस्ट्रीचं पुस्तक होतं. दोन डॉलर सहा सेंट. त्यातून बोरॉनचा नाद लागला आणि १९७९ ला नोबेल. म्हणजे ज्या वर्षी सुझुकींचा तो पेपर आला त्याच वर्षी गुरूला पारितोषिक. २०१० मध्ये सुझुकींबरोबर ज्यांना मिळालं त्यातले नेगिशीही ब्राउनकडे पोस्टडॉक (पीएचडीनंतरचे संशोधक) होते. तिसरे रिचर्ड हेक.

पण मला सांगायचंय ते वेगळंच. हायड्रोबोरेशन ही अभिक्रिया १९५६ मध्ये सापडली, तेव्हा प्रत्यक्ष हातात फ्लास्क कुणाचा होता माहितेय? बी. सी. सुब्बा राव. एस्टरचं रिडक्शन करत होते, म्हणजे एस्टर जातीच्या संयुगांना हायड्राइड देत होते. साधारण प्रत्येक एस्टर दोन हायड्राइड खातो. एथिल ओलिएट नावाच्या एस्टरने खाल्ले २.३७. एखाद्याने 'मटेरियल खराब असेल' म्हणून वहीत रेघ मारली असती. ते वरचे ०.३७ कुठे गेले याचा पाठपुरावा केला तर कळलं की हायड्राइड रेणूतल्या दुहेरी बंधालाही जाऊन चिकटतोय. हायड्रोबोरेशन ते हेच. पेपरवर नावं दोनच, ब्राउन आणि सुब्बा राव. हेच सुब्बा राव पुढे पुण्यात एनसीएलमध्ये (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत) बोरोहायड्राइडवर काम करत होते.

सप्पोरोच्या दुकानातलं ते पुस्तक त्या ०.३७ शिवाय लिहिलंच गेलं नसतं. भाच्याला म्हणावं, मिठागर पाषाण रोडपर्यंत, एनसीएलच्या दारापर्यंत येतं.

---

कॉलमकर

बंड्या, हे २.३७ मी विसरलोच होतो. एनसीएलच्या गेटासमोर इतक्यांदा चहा प्यायलोय, एकानेही सांगितलं नाही. मनापासून धन्यवाद.

---

गणिती_गोंधळ

सायटेशनच्या बाबतीत एक आकडा लोकांना नेहमी चकवतो. २०१४ मध्ये 'नेचर' या जर्नलने तोवरच्या सर्वाधिक साइट झालेल्या शंभर पेपरांची यादी काढली होती. शंभराव्या क्रमांकाला १२,११९ सायटेशन लागत होती. डीएनएच्या दुहेरी सर्पिलाचा पेपर त्या यादीत नाही! पहिला कोण? लाउरी, १९५१, द्रावणात प्रथिन किती आहे ते मोजायची पद्धत. तीन लाखांच्या वर. म्हणजे यादीत शोध कमी आणि पद्धती जास्त. जगाचं आकलन बदलणाऱ्यापेक्षा जगाला मोजपट्टी देणारा जास्त साइट होतो.

मग भाच्याचा प्रश्न: लाउरीला साइट करतात, सुझुकीला का नाही? यावर रॉबर्ट मर्टन या समाजशास्त्रज्ञाचं म्हणणं आहे की एखादी कल्पना सगळ्यांच्या वापरात इतकी मुरते की मुरण्यामुळेच तिचा मूळ धनी पुसला जातो. मीठ विरघळलं की दिसत नाही, चव राहते. भाच्याने मर्टन न वाचता मर्टन सांगितला.

एच-इंडेक्सचा आणखी एक आंधळेपणा. तो लेखकांचा क्रम बघत नाही. धाग्यातले तिन्ही पेपर पुन्हा वाचा, १९७९, १९८१, १९९५. पहिलं नाव कुणाचं? मियाउरा. तिन्ही वेळा.

---

शंकासुर

हा मुद्दा खरा. नियमाने नाव 'सुझुकी-मियाउरा' आहे, पण बोलताना कोण म्हणतं? पण यात सायटेशनचा दोष नाही, उलट सायटेशनने मियाउरांना पूर्ण माप दिलं. माप कमी केलं ते आपल्या जिभेने आणि नोबेलच्या तीनच माणसांच्या मर्यादेने.

त्या तीनमुळे किती जण बाहेर राहिले ते बघा. कुमादा २००७ मध्येच गेले होते. स्टिले १९८९ मध्ये अमेरिकेत सू सिटीच्या विमान अपघातात गेले. सोनोगाशिरांची अभिक्रिया १९७५ ची, तीही रोज लावली जाते. हेकने १९६८ मध्ये एका कंपनीच्या लॅबमधून एकट्याच्या नावावर सात पेपर सलग एकाच जर्नलमध्ये छापले होते. आज कुठल्या कंपनीत असं करू देतील?

---

कॉलमकर

आमच्या नाही देत. माझे पेपर तीनच का आहेत, ते आता कळलं असेल.

गणिती, मिठाचं दुसरं उदाहरण माझ्या आयडीतच आहे. फ्लॅश कॉलम, म्हणजे मिश्रणातून हवा तो पदार्थ वेगळा काढायची नळी. सिलिका भरायची, वर मटेरियल लोड करायचं, हवेचा दाब द्यायचा आणि फ्रॅक्शन गोळा करायचे. ऑरगॅनिकवाला आयुष्यातला किती वेळ कॉलमसमोर उभा असतो हे त्याच्या बायकोला विचारा. ही पद्धत १९७८ च्या एका तीन पानी पेपरात आहे: स्टिल, काह्न आणि अभिजित मित्र. (हा स्टिल वेगळा, वरचा स्टिले वेगळा.) दाण्याचा आकार ४० ते ६३ मायक्रॉन, टीएलसीवर (मिश्रणातले पदार्थ ठिपक्यांनी वेगळे दाखवणारी छोटी पट्टी) आपला ठिपका ०.३५ ला येईल असं सॉल्व्हंट निवडा, द्रावणाची पातळी मिनिटाला दोन इंच खाली उतरली पाहिजे. झालं. मी पंचवीस वर्षं हेच आकडे पोरांना शिकवतोय आणि तो पेपर पहिल्यांदा वाचला चाळिशीनंतर. शिकवला कुणी? सिनिअरने. त्याला त्याच्या सिनिअरने. सायटेशन हजारो आहेत त्या पेपरला, पण जेवढे कॉलम पडले त्याच्या हिशेबाने पाहिलं तर काहीच नाही.

तर शंकासुर, माझं भांडण फूटपट्टीशी नाहीच. फूटपट्टी कागद मोजते. आमचं निम्मं ज्ञान सिनिअरच्या तोंडून येतं, ते ती मोजत नाही, आणि समितीला मात्र वाटतं सगळं मोजून झालं.

---

शंकासुर

मान्य, पण मग सायटेशन वाढली म्हणजे कौतुकच झालं असंही धरू नका. सुझुकीचंच मासलेवाईक उदाहरण देतो.

२००३ मध्ये एका गटाने छापलं की पॅलेडियमशिवायच सुझुकी चालते, फक्त सोडियम कार्बोनेट, पाणी आणि मायक्रोवेव्ह. खळबळ. २००५ मध्ये त्याच गटाने, हे त्यांचं मोठेपण, स्वतःच शोधून काढलं की बाजारातून आणलेल्या सोडियम कार्बोनेटमध्येच पॅलेडियम होतं, अब्जात पन्नास भागांच्या आसपास. तेवढ्यावर अभिक्रिया धावत होती. एवढा धडा गिरवून झाल्यावर २०२१ मध्ये नेचर कॅटॅलिसिसमध्ये पुन्हा तोच दावा, या वेळी अमाइन (नायट्रोजन असलेलं सेंद्रिय संयुग) उत्प्रेरक म्हणून. बाकीच्या गटांनी तपासलं तर ते अमाइन बनवतानाच पॅलेडियम वापरलेलं, आणि शुद्धीकरणात ते पूर्ण निघालेलं नव्हतं. त्याच वर्षी पेपर मागे घेतला. आता त्या पेपरला साइट करणाऱ्यांतले कितीतरी 'हे चूक आहे' असं सांगायला साइट करतात. इंडेक्सला ते कळत नाही. शिवी असो की ओवी, त्याच्या लेखी एक म्हणजे एक.

---

वरणफळ

शिवी असो की ओवी 👏 आता मला समजतंय सगळं. एक प्रश्न: इतकी चालणारी वस्तू, सुझुकींनी पेटंट नाही घेतलं?

---

कॉलमकर

नाही घेतलं. नोबेल मिळाल्यावर त्यांनी सांगितलं होतं. कुणालाही परवानगी न मागता वापरता आली, म्हणून ती कारखान्यांत इतकी पसरली असं अनेकांचं म्हणणं. मला ते अर्धंच पटतं. ती खरी उधळली नव्वदच्या शेवटी, जेव्हा बुकवाल्ड आणि फू यांच्या गटांनी नवे फॉस्फिन लिगंड (पॅलेडियमला धरून त्याला जोर देणारे रेणू) काढले आणि ब्रोमाइडऐवजी स्वस्त क्लोराइड वापरता यायला लागले. क्लोराइड स्वस्त म्हटल्यावर परचेसवाले खूश, आणि परचेसवाले खूश झाले की केमिस्ट्री पुढे सरकते.

२०१६ मध्ये जर्नल ऑफ मेडिसिनल केमिस्ट्रीत एक हिशेब आला होता. १९८४ आणि २०१४ मध्ये औषधांचे केमिस्ट कुठल्या अभिक्रिया वापरत होते, त्याची तुलना. २०१४ च्या सर्वाधिक वापरातल्या अभिक्रियांत आधीच्या वीस वर्षांत शोधलेली एकही नव्हती. ऐंशी-नव्वदच्या दशकांतल्या फक्त दोन: सुझुकी आणि बुकवाल्ड-हार्टविग (पॅलेडियमनेच कार्बनला नायट्रोजन जोडणारी). एवढे पेपर निघतात, एवढी सायटेशन होतात, आणि फ्लास्कमध्ये पडतं ते आजोबांच्या काळातलं.

---

बुडबुडा

काका, थिअरी पुरे. माझी सुझुकी तीन आठवडे चालत नाहीये. गाइड रोज विचारतात. २-पिरिडिलबोरॉनिक अ‍ॅसिड (बोरॉनच्या हुकाचा डबा) आणि एक ब्रोमाइड (ब्रोमिनच्या हुकाचा), टेट्राकिस (पॅलेडियमचं संयुग), बेस म्हणून पोटॅशियम कार्बोनेट, डायॉक्सेन-पाणी, ९० डिग्री. ब्रोमाइड तसाच परत मिळतो. बोरॉनिक अ‍ॅसिड मात्र गायब!

---

कॉलमकर

अरे, मग आधी का नाही बोललास. गायब होणारच. २-पिरिडिल ही बोरॉनिक अ‍ॅसिडमधली सगळ्यात नाठाळ जात. कपलिंग व्हायच्या आत बोरॉन गळून पडतो आणि साधं पिरिडीन उरतं. डबे उलटे कर: पिरिडीनच्या बाजूला ब्रोमिन घे, म्हणजे २-ब्रोमोपिरिडीन, आणि बोरॉन तुझ्या दुसऱ्या तुकड्यावर आण. ब्रोमाइडचं बोरॉनिक एस्टर करायला मियाउराचंच बोरिलेशन (रेणूवर बोरॉन बसवणं) आहे, १९९५ चं. (बघा, आले की नाही मियाउरा!)

दुसरं, टेट्राकिसची बाटली खिडकीशी धरून बघ. लिंबासारखा स्वच्छ पिवळा रंग पाहिजे. हिरवट-तपकिरी झाला असेल तर ती बाटली शोभेची. आणि डीगॅस कसा करतोस, म्हणजे सॉल्व्हंटमधली हवा कशी काढतोस? वर फुगा लावून पाच मिनिटं थांबणं म्हणजे डीगॅस नव्हे. लांब सुई सॉल्व्हंटच्या तळापर्यंत घालून नायट्रोजनचे बुडबुडे वीस-पंचवीस मिनिटं सोड. पॅलेडियम आधी घालू नकोस, बुडबुडे झाल्यावर घाल. गरम करताना पाच मिनिटांत सगळं काळं झालं तर समज हवा आत होती.

---

बुडबुडा

फुगाच लावत होतो 🙈

---

घाटमाथा

हा वरचा प्रतिसाद कुठल्या जर्नलमध्ये साइट करायचा?

---

बुडबुडा (नऊ दिवसांनी)

काका, उलटे डबे चालले!!! टीएलसीवर नवा ठिपका, यूव्हीखाली निळसर चमकतो. कॉलम टाकून ७१ टक्के माल मिळाला. रेणू तोच आहे ना ते बघायला एनएमआरला दिलंय.

---

आडवाटेची_आत्या

काही कळलं नाही पण अभिनंदन बाळा. पेढे!

---

कॉलमकर

शाब्बास. कॉलम मिनिटाला दोन इंच उतरवलास ना?

आता भाच्याचं सांगून टाकतो, दोघातिघांनी व्यक्तिगत निरोप पाठवून विचारलं. इथले प्रतिसाद त्याला पाठवले होते. सुब्बा रावांचं २.३७ वाचून त्याचा फोन आला आणि बराच वेळ फक्त त्यावरच बोलत होता. मसुद्यात सतरावा रेफरन्स म्हणून सिंथेटिक कम्युनिकेशन्स, १९८१ टाकला: मियाउरा, यानागी, सुझुकी. गाइडने लाल पेनाने काट मारली. जर्नलची रेफरन्सची मर्यादा पन्नास, आधीच बावन्न होते. भांडून त्याने तो सप्लिमेंटरीमध्ये (पेपरसोबतच्या पुरवणीत) घातला, प्रयोगाच्या कृतीच्या खाली. तिथले रेफरन्स सायटेशनच्या मोजणीत येत नाहीत, हे त्यालाही माहीत आहे.

फोन ठेवताना म्हणाला, "मामा, सप्लिमेंटरीत जागा आहे, तुझाही एक टाकू का? एच चार होईल."

म्हटलं, गाढवा, तीन पेपरांवर एच चार कसा होईल?